नागपूर जंक्शनवर भूक लागल्यास: गाडी बदलणाऱ्या प्रवाशांसाठी मार्गदर्शन

सदर मार्गदर्शन नागपूर जंक्शनवर एका गाडीतून उतरून दुसरीत चढेपर्यंत अडकलेल्या प्रवाशांपुरतं आहे. नागपूरकरांनी ते वाचू नये. त्यांना यातलं सगळं माहीत असतं, आणि यातलं निम्मं चुकीचं आहे हे ते न वाचताही सांगतील.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग या गावात एकमेकांना छेदतात. त्यामुळे बैतूलच्या लग्नाला निघालेले सोलापूरकर, रायपूरला बदली झालेले पुणेकर आणि भिलाईच्या लेकाकडे लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन निघालेल्या नाशिकच्या काकू, असे सगळे केव्हा ना केव्हा इथल्या फलाटावर बसून आधी घड्याळाकडे आणि मग शेजारच्याच्या डब्याकडे बघत असतात. त्यांनी वेफर्सचं पाकीट फोडण्यापूर्वी पुढील सूचना वाचाव्यात.

प्रथम वेळेचा हिशेब. सकाळी नऊला उतरायचं, दुपारी दोनला पुढची गाडी, म्हणजे पाच तास, असं आपण घरी बसून मोजलेलं असतं. हे कागदी तास. त्यातून पहिली गाडी जितकी लेट आली तितका वेळ वजा करावा. मग सामान ठेवायला पाऊण तास, कारण कुलूप नसलेली बॅग क्लोकरूमवाले घेत नाहीत, आणि आपल्या तीन बॅगांपैकी एकीची चेन दिवाळीपासून बिघडलेली असते. स्टेशनावर साखळी-कुलूप विकणारे फिरतात ते याच बॅगेच्या शोधात. परत येऊन फलाट गाठायला अर्धा तास. सहकुटुंब असाल तर ‘कशाला ती वणवण, इथेच काहीतरी खाऊ’ या विषयावरच्या चर्चेला वीस मिनिटं. उरतील ते खाण्याचे तास. दीड तासाच्या आत उत्तर आलं तर स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडावा, त्यापुढे जाऊ नये. त्याहून जास्त आलं तर रिक्षा किंवा मेट्रो करावी. उत्तर उणे आलं तर खचून जाऊ नये. १३९ ला फोन लावून पुढच्या गाडीचा ठावठिकाणा विचारावा. गाडी दिल्लीकडून येणारी असेल आणि महिना धुक्याचा असेल, तर रेल्वे खाते तुमच्या जेवणाची सोय बहुधा स्वतःहून करतं.

मग दिशा. स्टेशनला दोन दारं आहेत. पश्चिमेकडे मुख्य दार: १९२५ सालची जुनी इमारत, जवळच टेकडी गणपती, पुढे किंग्जवे, कस्तुरचंद पार्क, सीताबर्डी. पूर्वेचं दार संत्रा मार्केटकडे उघडतं. तिथून सेंट्रल अव्हेन्यूने गांधीबाग, इतवारी, गोळीबार चौक, पाचपावली. पश्चिमेला कचेऱ्या नि दुकानं, म्हणून नाश्ता. पूर्वेला घाऊक बाजार आणि विणकरांच्या वस्त्या, म्हणून जेवण. हा नियम ढोबळ आहे, पण रिकाम्या पोटी उभं राहून निर्णय घ्यायला पुरतो. डिसेंबर २०२२ पासून मेट्रोही पूर्वेकडे जाते. स्टेशनपासून दोसर वैश्य चौक किंवा अग्रसेन चौक गाठायला रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागत नाही.

रिक्षानेच जायचं असेल, तर प्रश्न कसा विचारावा हे मात्र नीट शिकून घ्यावं. नवखा प्रवासी विचारतो, ‘भाऊ, इथे चांगलं काय मिळतं?’ भाऊ तुमच्या बुटांकडे बघतो, बॅगेच्या चाकांकडे बघतो आणि म्हणतो, ‘सगळंच चांगलं भेटते जी. एसी हॉटेल हाय, पनीर हाय, थाळी हाय.’ वीस मिनिटांनी तुम्ही गारेगार हॉलमध्ये बसून जे पनीर खाता, ते तुम्हाला भोपाळला, जबलपूरला आणि स्वतःच्या घराच्या कोपऱ्यावरही मिळालं असतं. त्याची यात काही चूक नाही. तुमच्या प्रश्नाला दुसरं उत्तरच नव्हतं.

प्रश्नात पदार्थाचं नाव पाहिजे आणि वेळ पाहिजे. ‘आत्ता, या वेळेला, गरम पाटोडी कुठे मिळेल?’ असं विचारून बघा. तो रिक्षाचं हँडल सोडून वळतो. ‘आता? आता कुठची पाटोडी जी! आता पोहे खा. बारा वाजू द्या, मंग पाटोडी.’ या एका उत्तरात अख्खं नागपूर आलं. या गावात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे, आणि ती रेल्वेच्या वेळापत्रकाहून जास्त काटेकोरपणे पाळली जाते. तेव्हा मूळ सूत्र असं: तुम्हाला काय खायचं आहे हे गौण, गाडीने तुम्हाला किती वाजता उतरवलं आहे हे मुख्य. त्या घटकेला गाव जे खातंय तेच मागावं. सकाळी सावजी आणि संध्याकाळी तर्रीपोहे शोधणाऱ्याला दोन्ही मिळतील, पण एक कालचं आणि दुसरं सकाळचं.

मुंबईहून रात्री निघालेल्या गाड्या इथे सकाळी पोचतात. म्हणजे बहुसंख्य वाचक तर्रीपोह्यांचे लाभार्थी आहेत. पोहे तुमच्या-आमच्या घरचेच, कांदा घालून, हळदीचे, वाफेवर गरम ठेवलेले. शेजारच्या पातेल्यात काळ्या हरभऱ्याचा रस्सा असतो आणि त्यावर बोटभर लाल तवंग. गाडीवाल्याच्या हातातल्या पळीवर नजर ठेवा. पळी तवंगावर आडवी टेकवून नुसती वरवरची तर्री उचलली, तर पोह्यांवर रंग आणि जाळ येतो. तीच पळी तळाशी घालून वर काढली की हरभरे येतात. तर्रीचं प्रमाण तो तुम्हाला विचारेल. ‘थोडीच द्या’ म्हणणाऱ्याला थोडीच मिळते आणि गाडीभोवतीचे लोक एकदा वळून बघतात. वर कच्चा कांदा, शेव, लिंबाची फोड. लिंबू आधी पिळावं, शेव मागाहून घालावी, आणि शेव मऊ पडायच्या आत प्लेट रिकामी करावी. इथे फोटो काढायला वेळ नाही.

पोह्यांत खोबरं-कोथिंबीर का नाही, हा प्रश्न कोकणस्थ वाचकांनी मनातच ठेवावा. पहाटे उतरलेल्यांनी कॉटन मार्केटची दिशा धरावी. तिथे भाजीचा बाजार भल्या पहाटे भरतो, आणि हमालांना उपाशी ठेवून कुठलाच बाजार चालत नाही.

दुपारच्या आणि रात्रीच्या प्रवाशांची गोष्ट वेगळी. त्यांच्या वाट्याला सावजी आहे, म्हणून त्यांच्यासाठी सूचना जास्त आहेत. हे मूळचं हलबा कोष्टी विणकरांचं घरचं जेवण. हातमागाचं काम मागे पडत गेलं, तशा त्यातल्या अनेक घरांनी खाणावळी घातल्या. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल याच गावातली. ती बंद पडली. विणकरांच्या चुली मात्र अजून दोन वेळा पेटतात. खसखस, खोबरं, धणे, मिरे, दगडफूल असा ऐवज काळपट होईस्तोवर भाजून वाटायचा, आणि जुन्या रीतीप्रमाणे जवसाच्या तेलात रस्सा करायचा. तो रस्सा वाटीत आला की आधी आरसाच वाटतो, इतकं तेल वर उभं असतं. पहिला घास निरुपद्रवी लागतो. दुसऱ्या घासाला प्रवासी म्हणतो, ‘एवढं काही तिखट नाही हं.’ तिसऱ्याला कानामागे घाम येतो आणि तो वाक्य पुरं करत नाही.

अशा वेळी पाणी पिऊ नये. मिरचीचा जहालपणा पाण्यात विरघळत नाही, नुसता तोंडभर पसरतो. पोळी खावी, भात कालवावा, दही मिळालं तर देवाचे आभार मानावेत. शाकाहारी मंडळींनी आपण सुटलो असं समजू नये. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा आणि डाळकांदा हे मटणाइतक्याच ताकदीने बनवलेले असतात. पुढचा प्रवास रात्रभराचा असेल तर दाराजवळचा खालचा बर्थ आहे का, हे जेवणाआधी बघावं. यापेक्षा उघडपणे हे लिहिता येत नाही.

‘ओरिजनल सावजी’ असा फलक नागपुरात आणि आता नागपूरबाहेरही पावलोपावली दिसतो. फलकावरून खरं-खोटं करण्याच्या फंदात पडू नका. आत जाऊन मेन्यूकार्ड बघा. त्यावर सावजीखेरीज मंचूरियन, पावभाजी आणि मसाला डोसा असेल, तर पंख्याखाली दोन मिनिटं बसून, पाणी पिऊन बाहेर पडा. कार्डच नसेल, पोऱ्या चारपाच नावं एका दमात म्हणून उभा राहत असेल आणि हात धुण्याच्या नळापाशी बाह्या सरसावलेल्या माणसांची रांग असेल, तर बसा. जागा आहे का, असं विचारू नका. कोणाच्या तरी समोर अर्धी जागा असतेच.

दुपारी तीन ते सहा ही वेळ वाईट. पोहे संपलेले, जेवणं आवरलेली, आणि मे महिना असेल तर पारा पंचेचाळीसच्या आसपास. या काळात उतरलेल्यांनी पुडाची वडी शोधावी. पातळ पारीत कोथिंबिरीचं खच्चून सारण भरून तळलेली, तर्रीसोबत मिळते. नाही मिळाली तर सावलीत बसून रात्रीची वाट बघावी. कुठे मटक्यावरची लांब पोळी होताना दिसली, तर भूक नसली तरी थांबावं. उलट्या मातीच्या मडक्यावर हातभर लांबवलेली पोळी टाकणारी बाई कणकेचा तो झुलता पडदा कोपरापर्यंत कसा खेळवते, हे बघण्याचे पैसे कोणी घेत नाही.

सोबत न्यायचं म्हणून संत्री घ्यायची असतील तर पंचांग बघावं. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यामुळे ते जूनमध्ये पिकायला लागलं नाही. हंगामात घेताना ढिल्या सालीचं आणि हाताला जड लागणारं घ्यावं. बाकी वर्षभर संत्रा बर्फी आहे. ती डब्यात उघडली की समोरच्या बर्थवरचे लोक ओळख काढतात, म्हणून दोन पाकिटं घ्यावीत.

एक सूचना रिक्षात बसण्यापूर्वीची. नागपूरला उतरणाऱ्याची पुढची गाडी नागपूर जंक्शनवरूनच सुटेल असं नाही. काही गाड्या अजनीहून सुटतात, छिंदवाड्याकडच्या काही गाड्या इतवारीहून सुटतात, आणि ही तिन्ही स्टेशनं वेगवेगळी आहेत. पोह्यांच्या गाडीपाशी उभं राहिल्यावर, हात तेलकट व्हायच्या आत, तिकीट काढून स्टेशनचं नाव एकदा नीट वाचा.