सैल सोडा!

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की पहिल्याच पहाटे दचकून खिडकीत येतो. वरून आवाज येत असतो, "सोडा! अहो, सोडा म्हणतो ना!" त्याला वाटतं, गच्चीवर कुणीतरी कुणाची मानगूट धरलीय. जुनी मंडळी कूस बदलून पुन्हा झोपतात. नाना चौघांना शवासन शिकवत असतात, एवढंच.

नाना चौतीस वर्षं लोकल फंड ऑडिटमध्ये होते. ग्रामपंचायतींच्या किर्दी तपासण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर दोनच महिन्यांत रक्तदाब १६०/१०० निघाला. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, लोणचं-पापड बंद केलं आणि दुसऱ्या पेशंटला आत बोलावता बोलावता म्हणाले, "आणि जरा रिलॅक्स राहा हो." आपण असलं वाक्य जिना उतरेपर्यंत विसरतो. नानांनी ते जीआरसारखं घेतलं. रिलॅक्स म्हणजे नेमकं काय? किती वेळ? कार्यपद्धती काय आणि नोंद कशात ठेवायची?

मग ते लोणावळ्याला कैवल्यधामात आठवडाभर राहून आले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते सुरू केलं तेच योगक्रिया यंत्रं लावून तपासण्यासाठी, हे कळल्यावर नानांना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. "तेही ऑडिटच की रे!" येताना त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले: दिनांक, शवासनापूर्वीचा दाब, नंतरचा दाब, शेरा. आता नाना रोज अर्धा तास आडवे होतात, ताडकन उठतात, मशीन दंडाला बांधतात आणि श्वास रोखून आकड्याकडे बघतात. आकडा अर्थातच चढलेला असतो. मग तो का चढला या काळजीनं पुन्हा मोजतात. तिसऱ्या खेपेला मशीनच 'एरर' दाखवून सुटका करून घेतं.

गच्चीवरचा वर्ग म्हणजे तर साक्षात तपासणी. आम्ही सतरंजीवर उताणे आणि नाना हात मागे बांधून आमच्या मधून फिरतायत. "पायाचे अंगठे… सैल. तळवे… सैल. घोटे… तुमचा डावा घोटा शिल्लक दिसतोय. पूर्तता करा." कुणी घोरलं की गंभीर अनियमितता. "झोप लागली म्हणजे शवासन बाद! जागं राहून सोडायचं असतं." हठप्रदीपिकेत हे आसन एका श्लोकात आटोपलंय, पण अय्यंगार गुरुजींनी ते अवघड आसनांत धरलंय, हे ते आम्हाला आठवड्यातून दोनदा सांगतात. त्यांच्या हाताखाली ते फारच अवघड होतं, हे आम्ही सांगत नाही.

शिवाय नानांचं शिथिलीकरण गेल्या पाच वर्षांत गुडघ्याच्या वर गेलेलं नाही. अंगठे, तळवे, घोटे, पोटऱ्या, गुडघे, की तेवढ्यात पाण्याची मोटर लागते, नाहीतर दूधवाला खालून हाक मारतो. नाना कठड्याशी जाऊन त्याच्याशी मागच्या महिन्याचे खाडे मोजतात आणि परत येऊन म्हणतात, "हं, पुन्हा अंगठ्यापासून." आमच्या सोसायटीतल्यासारखे सैल अंगठे अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाहीत. मांड्या, पोट, खांदे मात्र देवाच्या हवाली.

अभ्यास मात्र पक्का. चहाचा कप हातात आला की सुरू. "केईएममधले डॉक्टर दाते. त्यांनी १९६९ साली सत्तेचाळीस रक्तदाबवाल्यांवर शवासनाचा अभ्यास छापलाय. परदेशी जर्नलमध्ये! आपल्या परळचा माणूस!" शिकागोच्या जेकबसन डॉक्टरांची १९२९ सालची पद्धतही त्यांनी गच्चीवर आणून पाहिली. आधी स्नायू आवळायचा, मग सोडायचा, म्हणजे सोडणं काय असतं ते शरीराला कळतं. "मूठ आवळा… आवळा…" एवढ्यात मोटर लागली. नाना टाकी बघायला गेले आणि पुढची सात मिनिटं आम्ही चौघं आभाळाकडे बघत मुठी आवळून पडलो होतो.

हार्वर्डच्या बेन्सन डॉक्टरांनी १९७५च्या पुस्तकात सोपी युक्ती दिलीय: शांत बसा, डोळे मिटा आणि प्रत्येक श्वास सोडताना मनात एकच शब्द म्हणा, 'वन' म्हटलं तरी चालेल. नाना 'एक' म्हणू लागले. पण जन्मभर बेरजा केलेला माणूस. एक म्हटल्यावर दोन आल्याशिवाय राहतंय होय? वीस मिनिटांनी डोळे उघडले तेव्हा ते तीनशे बारावर होते, आणि मधले दोन श्वास मोजायचे राहिले या संशयानं हैराण.

तरी एक गोष्ट त्यांनी मला जशी समजावली तशी कुठल्या डॉक्टरनं समजावली नव्हती. "शरीरात दोन खाती असतात बघ. एक अनुकंपी, एक परानुकंपी. पहिलं आणीबाणीचं. वाघ आला की पळ, नाहीतर लढ. दुसरं देखभाल-दुरुस्तीचं. पचन, झोप, डागडुजी सगळी त्याच्याकडे. रोज उठून वाघ आला, वाघ आला म्हणत बसलास तर सगळा निधी पहिल्याच खात्यात जाणार. मग जखमा भरायच्या कुणी?" हे सांगताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. नानांनी तिकडे वाघ आल्यासारखं पाहिलं.

कारण नानांच्या शवासनाचा सगळ्यात मोठा ताण घराला. साडेपाच ते सहा मिक्सर बंद, फोन बंद, नातवाचा चेंडू जप्त. नानी चपला हातात घेऊन अनवाणी वावरतात. नानींची तक्रार नसते. त्यांना तक्रारीला वेळच नसतो. नानांची आई, आमची आजी, अठ्ठ्याऐंशीची. चार वर्षं अंथरुणाला खिळलीय आणि बरंचसं विसरलीय. तिला भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं, रात्री चारदा उठणं, सगळं नानींकडे. मध्यंतरी नानींच्या मनगटावर तव्याचा चटका बसला. महिना झाला तरी जखम ओलीच. साखर तपासली, ती ठीक निघाली.

त्याच सुमाराला नानांना अमेरिकेतला १९९५चा एक अभ्यास सापडला आणि त्यांनी तो रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचायला घेतला. ओहायोमधल्या संशोधकांनी तेरा बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली. या सगळ्या घरात स्मृतिभ्रंशाच्या माणसाचं करणाऱ्या. दुसऱ्या तेरा जणी तशाच वयाच्या, पण डोक्यावर ते ओझं नसलेल्या. पहिल्या तेराजणींची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. नाना नेहमीच्या सुरात वाचत होते. 'नऊ दिवस'पाशी थांबले. समोर नानी एका हातानं मेथी निवडत बसल्या होत्या, दुसऱ्या मनगटाला पट्टी. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शेरा काही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दाराला पुठ्ठा लटकला. ऑडिटच्या रेखीव अक्षरात: 'दुपारी २ ते ४. सौ.चे शिथिलीकरण चालू आहे. बेल वाजवू नये.' आजी त्या वेळात नानांकडे.

गेल्या आठवड्यात मी मेंटेनन्सची पावती द्यायला तीनला गेलो. बेल न वाजवता दार ढकललं. नानी गॅलरीत बसल्या होत्या. पाय स्टुलावर, हातात गार झालेला चहा. पोथी नाही, मेथी नाही, मोबाइल नाही. समोर कुणाच्यातरी वाळणाऱ्या चादरी हलत होत्या, त्या बघत होत्या. 'वन' नाही की 'एक' नाही. मनगटावर नवी गुलाबी कातडी आली होती.

"नाना?" मी हळूच विचारलं. त्यांनी हनुवटीनं आतली खोली दाखवली.

आत नाना खुर्चीत. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, कपाळावर एक आठी नाही, आणि गंभीर अनियमितता तारस्वरात चाललेली. रक्तदाबाचं मशीन टेबलावर, वही मिटलेली. एक हात आजीच्या पांघरुणावर, बरोबर गुडघ्यावर येऊन थांबलेला.

आजी टक्क जागी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी कोण ते तिला उमगलं नसणार. नानांच्या हातावर आपला सुरकुतलेला हात ठेवून तिनं ओठांवर बोट धरलं.

"श्शू," ती म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय पोराचा."