जुनी हॅचबॅक : निदान आणि साध्यासाध्यविचार

१. प्रयोजन

निर्दोष जुनी गाडी नावाची वस्तू बाजारात नाही. जिच्यात काही दोष नाही ती गाडी मालक विकत नाही, घरातल्याच कुणाला तरी देऊन टाकतो. तेव्हा दोष आहे का, हे शोधण्यात वेळ घालवू नये. कोणता आहे आणि तो आपल्याला झेपेल का, एवढंच पाहायचं असतं.

या कामी चरकसंहिता उपयोगी पडते. औषधाला हात घालण्यापूर्वी रोग साध्य की असाध्य ते ठरवावं, असं तिथे वैद्याला बजावलं आहे. असाध्य रोगावर उपचार करत बसणाऱ्याचा पैसा, विद्या आणि नावलौकिक जातो, वर लोक नावं ठेवतात ती वेगळीच. चरकांच्या काळी सेकंडहँड वॅगन-आर नव्हती, तरी परिणामांची यादी तंतोतंत जुळते.

दोषांचे प्रकार चार. सुखसाध्य, म्हणजे किरकोळ खर्चात जाणारा. कृच्छ्रसाध्य, म्हणजे जाईल, पण खर्च आणि मनस्ताप दोन्ही वसूल करून जाईल. याप्य, म्हणजे कधीच न जाणारा, पण पथ्यपाण्यावर आटोक्यात राहणारा. आणि असाध्य, म्हणजे नमस्कार करून रिक्षा पकडावी असा.

२. सोबत कोणाला न्यावं

प्रत्येक घराण्यात ‘गाडीतलं कळणारे’ एक काका असतात. त्यांना नेऊ नये. ते बॉनेटवर थाप मारतात आणि ‘आवाज चांगला आहे’ म्हणतात. तो बॉनेटचा आवाज असतो. मग ते टायरला लाथ मारतात. टायरला लाथ मारून आजवर फक्त चपलेची परीक्षा झाली आहे.

न्यायचा तो आपल्या ओळखीचा फिटर, आणि त्याचे पैसे आधीच ठरवून. ‘माझा फिटर आहे ना, तो सगळं सांगेल,’ असं मालक म्हणाला, तर ते खरंच असतं. तो सगळं सांगेल, पण मालकाला.

साहित्य : एक बॅटरी, एक जुनं फडकं, आणि फ्रिजवरचा लोहचुंबक रुमालात गुंडाळून. वेळ सकाळची. पाऊस पडून गेल्यावर गाडी पाहू नये. ओला पत्रा सगळ्यांचाच चमकतो.

३. बाह्यपरीक्षा

सर्वसाधारण नियम असा, की मालकाने जिथे पॉलिश मारलं आहे तिथे पाहू नये. पॉलिश पोचत नाही तिथे पाहावं : दाराच्या खालच्या कडा, डिकीतल्या कार्पेटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, चाकांच्या कमानीच्या आत. समुद्राकाठच्या गाडीला खारं वारं खालून खातं. एमएच-०८ म्हणजे रत्नागिरीची किंवा एमएच-०७ म्हणजे सिंधुदुर्गची नंबरप्लेट दिसली, की आधी गुडघे टेकावेत आणि गाडीखाली डोकं घालावं. वरवरचा गंज सुखसाध्य. बोटाने दाबल्यावर पापुद्रा आत गेला, तर कृच्छ्रसाध्य. बोटच आत गेलं, तर असाध्य.

आता चुंबक काढावा. पत्र्यावर लांबी भरलेली असेल तिथे तो चिकटत नाही. दारावर वर चिकटला, खाली चिकटला आणि मधेच गळून पडला, तर मधल्या जागी पत्रा कमी आणि इतिहास जास्त आहे. (चुंबक बंपरला लावून ‘अरे, इथेही लांबी!’ असं ओरडू नये. बंपर प्लॅस्टिकचाच असतो. हे काकांसाठी.)

मग बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट अगदी जवळून पाहावेत. कारखान्यात बोल्ट बसवल्यावर रंग चढतो, त्यामुळे बोल्टचं डोकं आणि पत्रा एकाच रंगात माखलेले असतात. पाना लागला असेल, तर डोक्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि खाली बारीक चंद्रकोरीएवढा धातू चमकतो. ही चंद्रकोर म्हणजे फेंडर एकदा उतरलेला आहे. एकाच बाजूचा उतरला असेल, तर दुचाकीचा प्रसाद, सुखसाध्य. दोन्ही बाजूंचे बोल्ट, वरची पट्टी आणि रेडिएटरचा सांगाडा सगळं नवंकोरं असेल, तर गाडी समोरून कुणाला तरी भेटली आहे. चॅसी वाकून सरळ केलेली गाडी असाध्य समजावी. ती सरळ रस्त्यावरही तिरकी चालते आणि टायर खाते.

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘टायर आत्ताच टाकलेत’ या वाक्यातल्या ‘आत्ताच’चा अर्थ तिथे छापलेला सापडतो.

४. जलपरीक्षा

२००५ च्या २६ जुलैला मुंबईत, २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. त्या सगळ्याच भंगारात गेल्या, असं मानण्याइतकं भोळं असू नये. पुरातली गाडी धुऊन, नवी सीटकव्हरं चढवून लांबच्या गावी विकली जाते. परीक्षा सोपी आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. कार्पेट धुणारा तिथवर जात नाही, त्यामुळे पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ तशीच राहते. डॅशबोर्डवर एका वेळी तीन परफ्यूम ठेवलेले दिसले, तर कशाचा वास झाकायचा आहे, ते नाक लावून शोधावं. पाणी प्यायलेलं वायरिंग आज चालतं, उद्या हॉर्न दाबल्यावर वायपर फिरतात. असाध्य.

५. हृदयपरीक्षा

बॉनेटवर हात ठेवावा. आपण येण्याआधीच ते गरम असेल, तर मालकाने गाडीची तालीम घेऊन ठेवली आहे. चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, इंजिन थंड होऊ द्यावं. खरा आजार थंड इंजिन चालू करताना बोलतो.

आता सायलेन्सरकडे पाहावं. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ निघणं हे प्रकृतीचं लक्षण. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर चालू असेल, तर कूलंट जळतंय, हेड गॅस्केटची शंका. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. मग इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण उघडावं. भकाभका धूर वर आला, तर फिटर मान हलवून ‘बॅक कॉम्प्रेशन’ हे दोनच शब्द उच्चारतो. ते ऐकल्यावर किंमत विचारायची नसते. झाकणाच्या आतून दुधाळ कॉफीसारखा साका निघाला, तर ऑईलमध्ये पाणी उतरलं आहे. तेव्हाही तेच.

एसीबद्दल मालक म्हणतो, ‘फक्त गॅस भरायचाय.’ एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरतो आणि कमी झाला असेल, तर कुठूनतरी गळूनच. तेव्हा ‘फक्त’ हा शब्द वजा करून कृच्छ्रसाध्यात नोंद करावी.

६. गतिपरीक्षा

गाडीत बसल्याबरोबर मालक गाणी लावतो. ती बंद करायला सांगावीत. लोअर आर्म आणि सस्पेन्शनचे बुश यांचंही काही म्हणणं असतं. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरावं. कट-कट आवाज आला, तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा गेला. क्लच अगदी वर येईपर्यंत गाडी हलत नसेल, तर क्लचप्लेट शेवटच्या श्वासावर आहे. हे दोन्ही कृच्छ्रसाध्य, पण निर्धास्त घासाघीस करण्याजोगे.

मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसले, तर खाली वाकून क्लचच्या पेडलचं रबर पाहावं. त्यावरच्या आडव्या रेघा बुजून मधोमध गुळगुळीत खळगा पडला असेल, तर तो खळगा चाळीस हजारांत पडत नाही. मीटर मागे फिरवणारे कारागीर आहेत. पेडल मागे फिरवणारा अजून निघालेला नाही. रबर कोरं करकरीत असेल, तर ते बदललेलं आहे. मग ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड पाहावी.

पुण्याकडची गाडी असेल, तर पाच माणसं बसवून, एसी लावून दिवे घाट चढावा. चढणीवर एसी बंद करायला मालकाचा हात आपोआप पुढे गेला, तर मौखिक चाचणीची गरज उरत नाही.

७. कागदपरीक्षा

पत्र्याचे आजार गॅरेजमध्ये बरे होतात, कागदाचे होत नाहीत. आरसीवरचा इंजिन आणि चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. कर्ज फिटलं तरी बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असतो. त्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात. ती पाहताना मालकाचा स्वभाव आणि वेग दोन्ही कळतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यापुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. पंधरा वर्षांवरच्या गाडीसाठी १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी फिटनेसमध्ये पास व्हायला हवी ती आणखी वेगळी. म्हणजे २०११ ची गाडी ‘स्वस्तात’ मिळते, तेव्हा उरलेला हप्ता आरटीओत भरायचा असतो. गोवा पासिंगची गाडी भावात बरी पडते, पण ती बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची, तर नोंदणी आणि कर दोन्ही इथे आले.

मूळ मालकाच्या जागी ‘मित्राची गाडी आहे, तो दुबईला असतो’ असा कोणी भेटला, तर रोग असाध्य. मित्र परत येईपर्यंत थांबावं.

८. भावनिश्चिती

सुखसाध्य दोषांचा खर्च मागितलेल्या किमतीतून वजा करावा. कृच्छ्रसाध्यांचा दुप्पट वजा करावा, कारण फिटरचा अंदाज निम्मा असतो. असाध्य एकही सापडला, तर ‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य वापरावं. ते ऐकून कोणताही मराठी माणूस काय ते समजतो.

राहिले याप्य. मागचं डावं दार गुडघ्याने उचलल्याशिवाय लागत नाही. ड्रायव्हरच्या बाजूची काच तळव्याने वर ढकलावी लागते. रिव्हर्स आधी दुसऱ्यात टाकून मग पडतो. यांच्यासाठी पैसे कमी करायला सांगू नये. करून दाखवायला सांगावं. ‘हे बघा, असा जरासा धक्का द्यायचा,’ असं म्हणत मालक गुडघा लावतो. त्या दिवसात तो पहिल्यांदाच मनापासून खरं बोलत असतो. मीटर, अपघात आणि शेवटची किंमत हे तीन प्रश्न त्याच क्षणी, त्याचा गुडघा दाराला टेकलेला असतानाच विचारून घ्यावेत.