चिडला माझी बाबा

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन
नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, नातू हल्ली काय करतो. मी 'अभ्यास' म्हणाले, कारण तो शेजारीच उभा होता. आप्पा, नातू भांडतो. शाळेतून आला की मित्रांशी भांडतो, जेवताना माझ्याशी भांडतो, गाडीत बसला की बापाशी भांडतो. विषय एकच. अमुक रॅपर आपलं गाणं स्वतः लिहितो की दुसऱ्याकडून लिहून घेतो, आणि जे गातो ते तो खरंच जगलाय की नुसतं ऐकून आलाय. मोरोपंत कवी की कारागीर, यावर तुम्ही शाळेच्या शिक्षकखोलीत ज्या आवेशानं टेबल बडवायचात, तो आवेश मधली एक पिढी सोडून थेट इथे उतरलाय. मधल्या पिढीत मी होते. मला आयुष्यभर टेबल पुसायचं काम मिळालं.

दोन नावं पाठ करून ठेवा, कारण पुढच्या फोनला तो तुम्हाला 'आजोबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?' असं विचारणार आहे. पहिला केंड्रिक लमार. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा, खडतर वस्तीत वाढलेला. २०१८ साली त्याला संगीताचं पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुणाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ, म्हणजे माणूस ऐरागैरा नाही. दुसरा ड्रेक. कॅनडातल्या टोरांटोचा. रॅपमध्ये नाव होण्याआधी तो टीव्हीवरच्या शाळकरी मुलांच्या मालिकेत काम करायचा. २०१५ मध्ये मीक मिल नावाच्या तिसऱ्याच रॅपरनं जाहीर आरोप केला की ड्रेकच्या ओळी दुसराच माणूस लिहून देतो, आणि तेव्हापासून तो डाग काही पुसला जात नाही. चिरंजीव केंड्रिकच्या बाजूचे. तुमचे जावई ड्रेकच्या बाजूचे, कारण ड्रेक गाडीत बरा वाजतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात हे दोघे गाण्यांतून एकमेकांवर असे तुटून पडले की कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या त्यापुढे हळदीकुंकू वाटाव्यात. एका रात्री ड्रेकचं गाणं आलं, तर तासाभराच्या आत केंड्रिकचं उत्तर हजर. आईबाप, बायकामुलं, कुणाला सोडलं नाही. त्यातल्या शेवटच्या घावाला, 'नॉट लाइक अस'ला, यंदा फेब्रुवारीत पाच ग्रॅमी मिळाल्या. आणि आता गंमत ऐका. सवालाला जवाब देण्याऐवजी ड्रेक कोर्टात गेला! तेही केंड्रिकवर नाही, रेकॉर्ड कंपनीवर, आणि ती कंपनी दोघांचीही. फड दोन, मालक एक. ऑक्टोबरात न्यायाधीशबाईंनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की भर फडातली शिवीगाळ कुणी शहाणा माणूस साक्षीपुरावा म्हणून ऐकत नाही. आपल्या जत्रेत पुढच्या रांगेत बसणाऱ्या कुठल्याही आजोबांनी हे फुकट सांगितलं असतं.

जावयांचा मुद्दा मात्र अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणाले, 'लता मंगेशकरांनी कधी स्वतः गाणी लिहिली का? मग ड्रेकनं का लिहावीत?' मला वाटलं, संपलं भांडण, आता भांडी घासून घ्यावीत. पण पोरगा म्हणाला, 'बाबा, तिनं कधी मी लिहिलं असं सांगितलं का?' आणि मग आप्पा, तुम्ही त्याला लहानपणी ऐकवलेलं गीतरामायण त्यानं बापाच्या अंगावर फेकलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर बाबूजी गायले, पण शब्द गदिमांचे हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. रॅपमध्ये मात्र 'मी लिहिलं' हीच निम्मी प्रतिष्ठा असते. ती उसनी आणायची नाही. जावयांनी त्यावर ड्रेकचा आवाज वाढवला.

हा झाला लेखणीचा वाद. दुसरा वाद अस्सलपणाचा, आणि तो मला फार करमणुकीचा वाटतो, कारण तो घालणारी मुलं बेलव्ह्यूची आहेत. तुम्ही दोन वर्षांपूर्वी आलात तेव्हा पाहिलंतच, इथे दहा लाख डॉलरच्या खाली धड घर मिळत नाही आणि पोलीस दिसलाच तर तो शाळेसमोर गाड्या हळू चालवायला सांगत असतो. अशा गावातली, दातांना तारा लावलेली मुलं शनिवारी दुपारी क्रॉसरोड्स मॉलमध्ये जमतात. तिथे तो जमिनीवर मांडलेला प्रचंड बुद्धिबळाचा पट आहे ना, ज्यावरचा घोडा उचलताना आप्पांची कंबर धरली होती, त्याच्या कडेला बसतात, बोबा टी पितात, आणि कुठला रॅपर 'रस्त्याचा' नाही याचा निकाल लावतात. परवा एकानं दुसऱ्याला ऐकवलं, 'तुला काय कळणार रस्ता, तू न्यूपोर्टमध्ये राहतोस.' सांगणारा त्याच्यापुढे दोन गल्ल्यांवर राहतो.

या बाबतीत तुमचे जावईही कमी नाहीत. ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला तेव्हापासून त्यांना 'मी पुण्याचा' या गोष्टीचा एक वेगळाच अभिमान चढलाय. पोरानं विचारलं, 'बाबा, ताडीवाला रोड कसा आहे?' तर हे म्हणाले, 'स्टेशनच्या बाजूला आहे.' बस्स, एवढंच! ह्यांचं पुणं कोथरूडला सुरू होतं आणि अलका टॉकीजला संपतं. ताडीवाला रोड त्यांनी डेक्कन क्वीनच्या खिडकीतूनसुद्धा नीट पाहिलेला नाही.

आमच्या तळ्यापलीकडच्या सिॲटलचाच एक गोरा रॅपर आहे, मॅकलमोर. त्याची कथा ऐकून मला सारखे पठ्ठे बापूराव आठवत राहिले. जुन्या कपड्यांच्या दुकानावर त्यानं केलेलं 'थ्रिफ्ट शॉप' नावाचं गाणं जगभर वाजलं. २०१४ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम रॅप अल्बमचा मान त्याला मिळाला, आणि त्याच्यासमोर हरलेल्यांत होता हाच केंड्रिक. मॅकलमोरनं रात्री केंड्रिकला निरोप धाडला की तुझ्यावर अन्याय झाला, ते बक्षीस तुझं होतं. इथवर ठीक. मग त्यानं तोच निरोप जगाला दिसेल असा इन्स्टाग्रामवर टाकला. म्हणजे माल परत करायचा नाही, पण पंचनामा मात्र स्वतः छापून आणायचा! पोरगा म्हणतो मॅकलमोर प्रामाणिक आहे, गोरेपणाचा आपल्याला फायदा होतो यावर त्यानं दोन दोन गाणी केली आहेत. मी म्हणते प्रामाणिक असेल, पण ट्रॉफी कपाटात कुणाच्या आहे?

तेव्हा मी त्याला आपल्या भागातल्या रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्ण्यांची गोष्ट सांगितली. कुलकर्णीपण सोडून ब्राह्मणाचा पोर तमाशात गेला, नर्तकी पवळेबरोबर फड गाजवले, जातीनं वाळीत टाकलं, तरी 'पठ्ठे बापूराव' म्हणून महाराष्ट्रभर नाव झालं. त्यांच्या लावणीच्या अस्सलपणाबद्दल कोण शंका घेईल? पण तुम्हीच आम्हाला सांगितलेली दुसरी बाजूही मी लपवली नाही. महाडच्या सत्याग्रहाला बापूराव फडाच्या कमाईतून मदत द्यायला गेले, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली, कारण तो पैसा महार स्त्रियांना नाचवून मिळालेला होता. पोरगा बराच वेळ गप्प बसला. तो गप्प बसला की मला काळजी वाटते, म्हणून मी त्याला वरणभात वाढला. पण मला त्या दिवसापासून असं वाटतं की 'तू हे जगलास का?' हा प्रश्न फारसा कामाचा नाही. 'याचे पैसे कुणाला मिळाले?' हा विचारावा.

सिॲटलचा आणखी एक रॅपर आहे, सर मिक्स-अ-लॉट. त्याचं १९९२ सालचं सगळ्यात गाजलेलं गाणं बायकांच्या पार्श्वभागाच्या स्तुतीवर आहे. हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नका. बरं, दाखवा, तीच जास्त हसेल. तेच गाणं २०१४ मध्ये त्यानं सिॲटल सिंफनीच्या वाद्यवृंदासोबत म्हटलं, मागे व्हायोलिनं आणि चेलो. पेशवाईतल्या शृंगारिक लावण्यांवर पुढे विद्वानांनी जाड जाड प्रस्तावना लिहिल्या, त्यातलाच हा प्रकार.

आता सालोमालोकडे येते. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' आम्ही पोराला दाखवला. म्हटलं त्याला मराठी कानावर पडेल. सालोमालो तुकोबांचे अभंग उचलतो आणि स्वतःच्या नावावर खपवतो, ते पाहून हा सोफ्यावरून उठून ओरडला, 'हा तर बिग बँक हँक!' मग त्यानं आम्हाला जे सांगितलं ते तुम्हाला आवडेल. रॅपचं जगात गाजलेलं पहिलं गाणं म्हणजे १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट'. ते म्हणणाऱ्या तिघांतला एक हा हँक, पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्यानं आपल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ नावाच्या दुसऱ्या रॅपरच्या वहीतून घेतल्या. आणि घाई अशी की वहीत कॅझनं स्वतःचं टोपणनाव एकेक अक्षर सोडवून लिहिलं होतं, तेही यानं तसंच म्हणून टाकलं. सालोमालोला निदान 'तुका' काढून स्वतःचं नाव घालायची अक्कल होती. कॅझच्या पदरी पैसा पडला नाही, नावही कितीतरी वर्षांनी जाणकारांकडून मिळालं. म्हणजे हा वाद आजचा नाही. रॅपची पहिली तबकडी खपली तीच उसन्या ओळींवर.

मी त्यावर त्याला होनाजी-बाळाचं सांगितलं. होनाजी लिहायचा, बाळा करंजकर गायचा, आणि नाव कसं, तर होनाजी-बाळा. दोघं मिळून एक. दोनशे वर्षांपूर्वी पुण्यात गवळ्याच्या पोरानं जे सोडवलं, ते टोरांटोच्या कोट्यधीशाला वकील लावूनही सुटत नाही.

आता खरी बातमी. पाडव्यानंतरच्या शनिवारी इथल्या मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम झाला, आणि तुमच्या नातवानं त्यात स्वतः लिहिलेला मराठी रॅप म्हटला. गेल्या वर्षी 'तांबडी चामडी'वर सगळी पोरं नाचली होती, यंदा आपलं काहीतरी हवं असं त्याच्या मनानं घेतलं. पहिला खर्डा त्यानं मला दाखवला. त्यात गल्ली होती, भूक होती, पोलिसांची गाडी होती. मी फ्रिज उघडून त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, यातलं काय कमी पडलं ते सांग, मग भुकेवर लिही. आपल्यावर खरा जुलूम करतं ते कोण? तर घरमालकांची समिती. कचऱ्याचा डबा संध्याकाळपर्यंत आत घेतला नाही तर चिठ्ठी येते, गवत बोटभर वाढलं तर चिठ्ठी येते. त्यावर लिही. तो आधी चिडला, मग लिहायला बसला. दोन ओळी देते, बाकीच्या तो तुम्हाला फोनवर ऐकवेलच:

सोमवारचा डबा अजून रस्त्यावरच उभा,
चिठ्ठी आली दारात आणि चिडला माझी बाबा.

आप्पा, सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी! प्रत्येकाच्या घरी ती चिठ्ठी येऊन गेलेली. 'रस्त्यावरच उभा'ला तर मागच्या रांगेतून शिट्टी आली, आणि ती मारणारे गृहस्थ साठीचे होते.

पण कार्यक्रम संपून जेवणाची पानं घेईपर्यंत कुजबुज सुरू. हे गाव संगणकवाल्यांचं, मायक्रोसॉफ्ट शेजारच्या रेडमंडमध्ये. एक काका मसालेभाताचा डाव हातात धरून म्हणाले, 'आजकाल पोरं हे सगळं एआयकडून लिहून घेतात.' झालं. ड्रेकवरचा आरोप माझ्या घरी आला. पोराचा चेहरा उतरला. मी काही बोलणार इतक्यात आमच्या रत्नागिरीच्या काकू पुढे सरसावल्या. त्यांचे वडील शक्ती-तुऱ्यात तुरेवाले, त्यामुळे भर मंडपात कुणाची कशी काढायची हे त्यांच्या रक्तात आहे. त्यांनी पोराच्या हातातला कागद घेतला, काकांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, 'यंत्र कधी माझी बाबा लिहील का हो? ही चूक अमेरिकेत वाढलेलं मराठी पोरच करू जाणे.' काकांनी कागद वाचला. 'माझी बाबा', 'आमचा गवत', 'तिचा चिठ्ठी'. नऊ चुका निघाल्या, आणि प्रत्येक चुकीला नातवाची छाती थोडी थोडी फुगत गेली. शेवटी काकांनी निकाल दिला, 'लिहिणारा हाच.' माझ्या मराठी शिकवण्याचे भर पंगतीत वाभाडे निघाले, पण पोराच्या अब्रूचा प्रश्न सुटला.

आता तो व्याकरण दुरुस्त करू देत नाही. म्हणतो, दुरुस्त केलं तर लोक म्हणतील आजोबांनी लिहून दिलं.

पुढच्या महिन्यात ताई इकडे येणार आहे. तिच्या बॅगेत भाजणी आणि मेतकूट कोंबू नका, दोन्ही इथल्या दुकानात मिळतं. तुमच्या कपाटातलं पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांचं पुस्तक आणि होनाजी बाळाचं जे काही असेल ते पाठवा. ते इथे मिळत नाही. आणि फोनवर त्यानं 'कुणाच्या बाजूचे?' विचारलं तर केंड्रिक म्हणा, पण जावई जवळ नाहीत ना ते आधी बघा.

तुमची,
बेबी