लग्नाचं लायसन

इंग्रजी सिनेमातली जोडपी आधी कचेरीत जाऊन लग्नाचं लायसन काढतात, मग चर्चची पायरी चढतात. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आधी अक्षता, मग पंगत, मग गोंधळ, मग तुळजापूर. आणि कुणाचा पासपोर्ट अडला, तर ग्रामसेवकाचा शोध.

नोंदणी सक्तीची आहे बरं का. राज्याचा 1998 चा कायदाच आहे. नवऱ्याला 21 आणि नवरीला 18 पूर्ण झाल्याचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, पत्रिका, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही. शिवाय आमची खास अडचण: टीसीवर उस्मानाबाद, आधारवर धाराशिव. 2023 साली जिल्ह्याचं बारसं झालं, पण पोरगं आधीच जन्मलेलं. त्याला कोण काय करणार?

खरी परीक्षा स्वतःच्या मर्जीनं, जातीधर्माबाहेर लग्न करणाऱ्यांची. त्यांच्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात 30 दिवस राहायचं, नोटीस द्यायची, ती फलकावर लागणार, आणि हरकतीसाठी आणखी 30 दिवस थांबायचं. पुण्यात अर्ज केला म्हणून सुटका नाही. कायमचा पत्ता इकडचा असेल तर नोटिशीची एक प्रत इथल्या विवाह अधिकाऱ्याकडे येते आणि इथल्याही फलकावर चढते. जात ही हरकत कायद्यात बसत नाही, हे खरं. पण फलक वाचायला येणाऱ्या भावकीनं कायदा कधी वाचलाय? तिला फक्त नाव-गाव पाहिजे असतं. ते सरकार फुकटात पुरवतं.

ठरवून केलेल्या लग्नाला असला फलक नाही. तिथं लायसन मुलीचा मामा देतो. अटी सोप्या: पुण्यात फ्लॅट, गावाकडं बागायत, आणि पोरानं त्या बागायतीत पाऊल टाकलेलं नसावं.

आणि तिसरं लायसन मुकादमाचं. ऊसतोडीची उचल कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरगं एकटं असेल तर अर्धाच कोयता. मग टोळी निघायच्या आत त्याच्यासाठी पोरगी बघायची. इथं टीसी कुणी मागत नाही. डोक्यावर मोळी पेलते का, एवढंच बघतात. नोटीस नाही, फलक नाही, हरकतीची मुदत नाही.

गंमत अशी, की गावात विवाह नोंदवायचं काम ग्रामसेवकाकडं आणि बालविवाह रोखायचंही त्याच्याकडंच. त्यामुळं असली जोडपी त्याला अवघडात टाकत नाहीत. पोरगी 18 ची होईपर्यंत थांबतात आणि मगच नोंदणीला येतात, सगळी कागदपत्रं घेऊन. कडेवरच्या लेकरासाठी नमुन्यात रकाना नाही.