त्यातलं कळणारे काका

प्रत्येक सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की ज्यांना 'त्यातलं कळतं'. कशातलं, हे कुणी विचारत नाही. वायरला जोडलेलं किंवा पडद्यावर दिसणारं जे जे बिघडेल, ते सगळं त्यातलंच. आमच्या इमारतीत ही गादी काकांकडे आहे. काका सरकारी खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले. खात्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा प्रशिक्षणाला जायला कुणी तयार नव्हतं आणि काका त्या दिवशी रजेवर होते, म्हणून त्यांचं नाव गेलं. शिक्षण एवढंच. बाकी सगळा अनुभव, आणि तो दुसऱ्यांच्या मशिनवर घेतलेला.

किल्ल्यांच्या जुडग्यात पेनड्राइव्ह आणि शर्टाच्या खिशाला टेस्टर हा त्यांचा सरंजाम. मानधन म्हणजे चहा. दुरुस्ती लांबली तर पोहे. प्रिंटर सोडून काहीही बघतात. प्रिंटरचं नाव निघालं की त्यांना एकदम भाजी आणायची आठवण होते.

काकांचं नाव झालं ते टचपॅडमुळे. 'ए' विंगमधल्या एका शिक्षिकेच्या लॅपटॉपचं टचपॅड ठार बंद पडलं होतं. दुकानदाराने मान हलवून मदरबोर्डचा खर्च सांगितला होता. काकांनी पाहिलं, तर टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात नारिंगी दिवा. एचपीच्या काही जुन्या लॅपटॉपांत त्या कोपऱ्यात दोनदा टिचकी मारली की टचपॅड बंद होतं आणि पुन्हा दोनदा मारली की चालू. बाईंच्या हातून कधीतरी बंद झालं होतं. काकांनी टिचक्या मारल्या, दिवा विझला, बाण हलू लागला. त्या दोन टिचक्यांवर त्यांनी पुढची सगळी कारकीर्द काढली.

त्यामुळे सेक्रेटरीबाईंचा फोन आला तेव्हा काका उत्साहातच होते. मी थकबाकीच्या नोटिशीबद्दल विचारायला तिथे गेलो होतो, म्हणून पुढचं सगळं प्रत्यक्ष पाहायला मिळालं. बाई वार्षिक सभेचं इतिवृत्त टाइप करत होत्या. आपल्यातले बहुतेक जण करतात तसंच, म्हणजे मान खाली आणि नजर बटणांवर. मान वर केली तेव्हा पडद्यावर उमटलेलं होतं: 'लिफ्टची टाकी वर्षातून दोनदा रिकामी करून धुण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले.' त्याखाली: 'थकबाकीदार कुत्र्यांना नोटिसा पाठवाव्यात.' मी माझी नोटीस खिशातच ठेवली.

"काका, कर्सर पळतोय हो. लिहिते एकीकडे, उमटतं भलतीकडेच."

काका खुर्चीवर बसले आणि डॉक्टर ज्या सुरात 'बाहेरचं काही खाल्लं होतं का' विचारतात, त्या सुरात म्हणाले, "काही डाउनलोड केलं होतं का?"

बाईंनी शपथेवर नाही म्हटलं. मग रिस्टार्ट. रिस्टार्ट हा उपाय नसून वेळ काढण्याचा मार्ग आहे, असं माझं मत आहे. तेवढ्यात चहा येतो.

चहा आल्यावर काकांनी विषयाला हात घातला. "टचपॅडला दाब कळत नाही, ताई. त्याला माणूस कळतो." पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते. आपलं शरीर विजेचं वाहक, त्यामुळे बोट जवळ आलं की तिथली विद्युतधारिता बदलते आणि बोट कुठे आहे ते आतली चिप हिशेब करून काढते. हे पटवायला त्यांनी पेनचं प्लास्टिकचं टोपण टचपॅडवर घासलं. बाण जागचा हलला नाही. मग स्वयंपाकघरातून काकडी मागवली. काकडी हातात धरून फिरवली, तर बाण झकास पळाला.

"आता ही कोशिंबिरीत घालू का?" आतून विचारणा झाली.

"म्हणजे काकडी चालते," काका म्हणाले, "तर हाताचा कुठलाही भाग चालणार." इथे ते मुद्द्याच्या अगदी उंबरठ्यावर आले होते. लॅपटॉपलाही थोडी अक्कल असते. मोठा, पसरट स्पर्श झाला तर तो तळहात समजून सोडून देतो. बटणं दाबली जात असताना टचपॅडला क्षणभर झोपवतो. पण अंगठ्याच्या मुळाशी असलेला गोळा नुसता निसटता टेकला, तर तो स्पर्श बोटाच्या टोकाएवढाच भरतो. मशिनला वाटतं, टिचकी मारली. कर्सर त्या जागी जाऊन बसतो आणि लिफ्टला टाकी येते. टिचकी मारून हात जरा सरकला तर आख्खा शब्द निवडला जातो आणि पुढच्या अक्षरासरशी पुसला जातो. सभासदांचे कुत्रे होतात ते असे.

कोपऱ्यात पेपर वाचणारे बाईंचे सासरे पेपर न हलवता म्हणाले, "सूनबाई, मनगटं उचल."

सासरे जुने लिपिक-टंकलेखक. मराठीचे तीस आणि इंग्रजीचे चाळीस शब्द मिनिटाला, दोन्ही परीक्षा पास. त्यांच्या वेळी टायपिंग क्लासात मनगट खाली गेलं की मास्तर फूटपट्टी मारायचे. पण घरात त्यांच्या नावावर लॅपटॉप नसल्याने त्यांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

काकांनी मात्र ऐकलं होतं. त्यांनी विषय लगेच इतिहासाकडे वळवला. १९९१ साली ॲपलने पॉवरबुकमध्ये कीबोर्ड मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा दिली आणि जगाने टेकलं. १९९४ साली आलेल्या पॉवरबुक ५०० मध्ये त्याच जागेवर टचपॅड आणून ठेवलं. "आता सांगा, चूक कुणाची?" त्यांचा स्वतःचा जुना थिंकपॅड आहे. त्याच्या जी, एच आणि बी या कळांच्या मध्ये लाल गुंडी आहे आणि खालचं टचपॅड त्यांनी कायमचं बंद करून टाकलंय. पण हे ते दुसऱ्याला सुचवत नाहीत. सगळ्यांनी तसं केलं तर त्यांना बोलावणार कोण?

मग सेटिंग्ज. ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात टचपॅड. संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या आणि बाईंचं टचपॅड सर्वांत वरच्या पायरीवर. "हे कुणी केलं?" सगळ्यांची नजर मुलाच्या खोलीकडे गेली. दार आतून बंद झालं. काकांनी पायरी 'लो'वर आणली, एका बोटाच्या टिचकीने क्लिक होण्याची खूणही काढली. माउस लावला की टचपॅड आपोआप बंद राहील, अशी सोय करून दिली. हे करायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. खरं तर पहिल्यांदा हेच करता आलं असतं.

तरी ते थांबले नाहीत. "चार्जर लावल्यावर जास्त पळतो का?" हा प्रश्न मी आधी वेळकाढूपणा समजलो होतो, पण तो नाही. जुन्या इमारतींत सॉकेटला अर्थिंग नसतं, किंवा आपण तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावतो. मग चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट उरत नाही. धातूच्या लॅपटॉपवर हात ठेवला की झिणझिण्या येतात आणि टचपॅड वेड्यासारखं वागतं. काकांनी कन्व्हर्टर उपटून बाजूला ठेवलं.

हा माणूस एवढा फेरा का घालतो, याचा मी विचार केलाय. सासऱ्यांचं निदान त्यांना दारातच कळलेलं असतं. पण 'तुमचा हात चुकतोय' असं यजमानीणबाईंना त्यांच्याच घरात, त्यांचाच चहा पिता पिता कसं सांगायचं? म्हणून आधी विंडोजवर, मग ड्रायव्हरवर, मग ॲपलवर, मग अर्थिंगवर आळ घ्यायचा. आरोपींची एवढी गर्दी झाली की शेवटी जाता जाता म्हणता येतं, "आणि जमलं तर हात जरा वर धरा." ते त्यांनी म्हटलंच. सासऱ्यांनी पेपर खाली केला, काकांकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

एकदाच मी काकांना हा फेरा न घालता बोलताना पाहिलंय. 'बी' विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाचंही टचपॅड आपोआप क्लिक होत होतं. काकांनी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून कोपरा दाबला, तर तो डुगडुगला. टचपॅडची कड नखाला लागेल इतकी वर आली होती. "बंद कर. चार्जिंगला लावू नकोस, दाबून बसवू नकोस. बॅटरी फुगलीय." मुलगा म्हणाला, उद्या सबमिशन आहे. काका त्याच्यावर ओरडले. ओरडताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. लिथियमच्या बॅटरीत वायू साठून ती फुगते आणि टचपॅडच्या खालीच असली तर त्याला वर ढकलते. अशी बॅटरी पेटूही शकते. ती बदलून होईपर्यंत काका रोज जिन्यात त्याला अडवून विचारत होते.

इतिवृत्ताचं म्हणाल, तर बाईंनी कुत्रे काढून सभासद परत बसवले, पण लिफ्टची टाकी नजरेतून सुटली आणि तशीच छापली गेली. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. कुणी वाचलं नाही. अनुमोदनासाठी काकांनी हात वर केला. त्यांची नजर मोबाइलवर होती. कुणीतरी प्रिंटरचा फोटो पाठवला होता आणि ते उत्तरात भाजी काय आणायची ते टाइप करत होते.