आरोग्याची खात्रीशीर माहिती: एक घरगुती कृती

आरोग्याची खात्रीची माहिती शोधणाऱ्याने आधी तारीख पाहावी आणि ती दिसली तर मजकूर तिथेच सोडून द्यावा. तारखेचा मजकूर शिळा होतो, बिनतारखी अजरामर असतो. दुसरी खूण लेखकाची. ‘मुंबईचे एक नामांकित डॉक्टर’ एवढाच उल्लेख पुरे. पूर्ण नाव, पदवी, नोंदणी क्रमांक असेल तर संशय घ्यावा. असा माणूस उद्या जाब विचारायला सापडू शकतो.

या कसोटीवर सोळा आणे उतरणारा मजकूर म्हणजे ‘एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका’. १९९९ च्या सुमारास तो ईमेलवर फिरत होता, पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि अजून ठणठणीत आहे. ही पद्धत आम्हाला मान्य नाही, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगून झाले. पण खुलाशाखाली ‘दहा जणांना पाठवा’ असे लिहायचे राहिले, त्यामुळे तो पुढे सरकला नाही. १०८ ला फोन करणे हा उपाय तर इतका सरळ आहे, की त्यात पुढे पाठवण्यासारखे काहीच नाही.

शिकलेल्या वाचकाला ‘परदेशात सिद्ध झालंय’ एवढे हवे असते. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका निबंधाने गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. त्यात मुले होती १२. नियतकालिकाने निबंध २०१० मध्ये मागे घेतला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, संबंध आढळला नाही. कसलेला वाचक यातले फक्त १९९८ लक्षात ठेवतो.

मधुमेह ‘मुळापासून’ घालवणारी जाहिरातही उत्तम. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे औषधात काहीतरी ताकद असणारच!

खरी परीक्षा डेंगीच्या दिवसांत. फॅमिली ग्रुपवर ‘ताप आलाय’ एवढे टाकले, की पपईच्या पानांचा रस, शेळीचे दूध आणि किवी यांचे तज्ज्ञ हजर होतात. फी कुणी घेत नाही, रुग्णाला तपासत तर त्याहून नाही. मग रोज ‘प्लेटलेट किती?’ हा क्रिकेटच्या स्कोअरसारखा प्रश्न सुरू होतो. डॉक्टर मात्र भलतेच विचारतात: लघवी किती वेळा झाली? पोट फार दुखतंय का? सारखी उलटी होतेय? हिरड्यांतून रक्त? पाणी भरपूर प्या म्हणतात, तापाला पॅरासिटामॉल देतात, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेऊ नका म्हणून बजावतात. ताप उतरला की पेढे वाटावेत, तर हा गृहस्थ म्हणतो, पुढचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे; रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळण्याचा धोका तेव्हाच. रक्तस्राव नसेल तर आकडा साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायलाही तयार नाही. अशा माणसावर विश्वास ठेवायचा कसा?

१०४ या आरोग्य हेल्पलाइनचे किंवा ई-संजीवनीवरच्या डॉक्टरांचेही तेच. विचारणार, ऐकून घेणार, आणि शेवटी ‘जवळच्या दवाखान्यात दाखवा’. ना भीती, ना चमत्कार.

आजार ओसरताना प्लेटलेट आपसूक वाढतात. नेमका तेव्हाच ग्रुपवर वाद रंगतो, श्रेय मावशीच्या पपईला की काकांच्या किवीला. रात्रभर सलाइनचे थेंब मोजणाऱ्या नर्सबाईंना मत देता येत नाही. त्यांना ग्रुपवर घ्यायचे कुणाला सुचलेच नाही.