जो विकेल, तो भरेल

श्रीमंतांवर कर लावतो म्हटले की मते पडतात. लॉस एंजेलिसमध्येही पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळपास ५८ टक्के मतदारांनी ‘मेझर यूएलए’ हा कराचा प्रस्ताव मंजूर केला. बेघरांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी पैसा उभारायचा होता. लोक त्याला ‘मॅन्शन टॅक्स’ म्हणू लागले. १ एप्रिल २०२३ पासून ५० लाख डॉलरहून महाग मालमत्ता विकली की ४ टक्के आणि एक कोटीपासून पुढे साडेपाच टक्के कर लागू झाला.

गंमत अशी, की कायद्यात मॅन्शन कुठेच नाही. भाडेकरूंनी भरलेली इमारत, दुकाने, गोदाम, मोकळा प्लॉट, सगळे एकाच काट्यावर. कर नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर. तोट्यात विकलेत तरी भरा. सुरुवातीच्या मर्यादेने ५० लाखांच्या वर एकच डॉलर चढला, तरी अख्ख्या रकमेवर कर. झाले दोन लाख डॉलर!

मग बंगलेवाल्याने काय केले? काही नाही, तो घरात बसून राहिला. जो विकतच नाही, त्याला कर कसला? पलीकडच्या बेव्हर्ली हिल्सची नगरपालिका वेगळी, तिथे हा कर नाहीच. सापडला तो बांधून विकणारा बिल्डर. त्याने आकडेमोड केली आणि दुसऱ्या शहरात जागा शोधली. महागडे सौदे घटले आणि भाड्याच्या नव्या घरांची बांधणीही मंदावली, असे यूसीएलए विद्यापीठ आणि रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२५ मध्ये मांडले. घरांसाठी लावलेला कर घरांच्याच आड आला.

तिजोरीत वर्षाला ६० ते ११० कोटी डॉलर येणार होते. पहिल्या वर्षी ६० कोटींच्या निम्मेही आले नाहीत. त्यात कॅलिफोर्नियाचा १९७८ चा मालमत्ता कराचा कायदा, प्रपोझिशन १३. त्यानुसार घराचे करमूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढते आणि विक्री झाली की नव्या किमतीला येते. विक्रीच थंडावली, तर शाळांच्या वाट्याची ही वाढही थंडावली.

मुंबईकरांना यात नवल नाही. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत राज्याने मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले, तेव्हा घरनोंदणीला झुंबड उडाली होती. सौद्यावर कर वाढवा, सौदे थांबतात. घटवा, धावत येतात.

मेझर यूएलएच्या हेतूशी भांडण नाही. या पैशातून भाडेकरूंना मदत मिळाली, हेही खरे. पण नव्या भाड्याच्या इमारतींना सूट द्या, कर नफ्यावर लावा आणि बंगल्यात बसलेल्याकडून दरवर्षी वसूल करा. शेवटचे जमायचे तर प्रपोझिशन १३ ला हात घालावा लागेल. २०२० मध्ये तसा प्रयत्न झाला होता, तोही फक्त व्यापारी मालमत्तांपुरता. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तो पाडला.